तळ्याच्या पंपासाठी घरी बनवा प्री-फिल्टर

तळ्यातला पंप थांबला की मोटर जळाली, असाच बहुतेकांचा समज होतो. दुरुस्तीला आलेला पंप आम्ही उघडतो तेव्हा अनेकदा मोटर ठणठणीत असते. इंपेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंख्याला, मात्र शेवाळाचे तंतू दोऱ्यासारखे गच्च गुंडाळलेले असतात आणि त्यात एखादी काडी, पानाचा देठ किंवा गोगलगायीचा शंख अडकलेला असतो. पाण्यात बुडवून चालणारा पंप भोवतालच्या आणि आतून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहतो. ते पाणी कमी झाले की पंप तापू लागतो. गाळातली बारीक रेती रोटरजवळ (मोटरच्या फिरणाऱ्या भागाजवळ) पोहोचली, तर त्याचा दांडा घासून झिजतो. हे टाळायला पाणी पंपात शिरण्याआधीच कचरा अडवणारा प्री-फिल्टर लावा. त्याला एक जाळीदार टोपली आणि फिल्टरचा फोम एवढे सामान पुरते.

पंपासोबत स्पंज येतोच, मग आणखी फिल्टर कशाला, असे ग्राहक विचारतात. त्याचे उत्तर क्षेत्रफळात आहे. ताशी 3000 लिटरचा पंप सेकंदाला साधारण 830 मिलिलिटर पाणी ओढतो. सोबतच्या स्पंजची पाणी घेणारी बाजू 100 चौरस सेंटीमीटर धरली, तर तिथे पाण्याचा वेग सेकंदाला 8 सेंटीमीटरच्या वर जातो. एवढ्या ओढीने पाने, शेवाळ, माशांची पिल्ले, बेडकांची पिल्ले, सगळेच स्पंजला येऊन चिकटते. आता तोच पंप 30 सेंटीमीटर व्यासाच्या आणि 25 सेंटीमीटर उंचीच्या टोपलीत ठेवून टोपलीला बाहेरून फोम गुंडाळा. नुसत्या बाजूंचेच क्षेत्रफळ 2300 चौरस सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि वेग सेकंदाला साडेतीन-चार मिलिमीटरवर येतो. पाने फोमला चिकटण्याऐवजी तळाशी बसतात, पिल्ले सहज पोहून दूर जातात आणि फोम तुंबायलाही कितीतरी जास्त दिवस लागतात.

म्हणून प्री-फिल्टर मोठा करा, बारीक करू नका. खूप बारीक छिद्रांचा फोम लावून पाणी काचेसारखे करायचा मोह अनेकांना होतो. पण तळे हिरवे करणारे शेवाळ एकपेशीय असते, ते फोममधून आरामात पार होते. फोम मात्र लवकर तुंबतो. पाणी निवळण्याचे काम मुख्य फिल्टरचे. प्री-फिल्टर फक्त पंपाची राखण करतो.

एक अपवाद आधीच सांगतो. पंप तळ्यातला मैला काठावरच्या मोठ्या फिल्टरकडे पाठवत असेल, तर त्याला फोम लावू नका. लावलात तर मैला तळ्यातच राहील आणि फिल्टर रिकामा फिरेल. अशा पंपाला 6 ते 10 मिलिमीटर छिद्रांची जाळी बस झाली. फोमचा प्री-फिल्टर कारंज्याच्या आणि धबधब्याच्या पंपासाठी.

सामान निवडताना

टोपली प्लास्टिकची, सर्व बाजूंनी जाळीदार आणि झाकण असलेली घ्या. बादलीला ड्रिलने भोके पाडूनही काम होते, पण 6 मिलिमीटरचे एक भोक म्हणजे जेमतेम 28 चौरस मिलिमीटर जागा. पुरेसे क्षेत्रफळ मिळवायचे तर शेकडो भोके पाडावी लागतात, म्हणून आमची पसंती टोपलीलाच. बादलीच वापरायची असेल, तर भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर मासे खरचटतात.

फोम फिल्टरसाठीचाच हवा, एका इंचात 10 ते 20 छिद्रांचा, साधारण 3 ते 5 सेंटीमीटर जाड. गादीचा फोम चालत नाही. त्यातली बरीच छिद्रे बंद असतात, पाण्यात तो लवकर फाटतो आणि त्यात रसायने असू शकतात. तांब्याची, पितळेची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि तार तळ्यात अजिबात नको. हे धातू पाण्यात उतरतात आणि माशांना विषारी ठरतात. बांधायला प्लास्टिकचे केबल टाय वापरा.

जोडणी

टोपलीच्या तळाशी दोन-तीन धुतलेले दगड ठेवा, कारण प्लास्टिक आणि कोरडा फोम दोन्ही तरंगतात. पंप त्यांच्यावर मूळ जाळीसकट ठेवा. ती जाळी काढू नका. कधी फोम सरकला तर तीच कामी येते. पाईप आणि केबलसाठी टोपलीच्या वरच्या कडेला खाच कापा. खाच लहान झाली म्हणून केबल कापून पुन्हा जोडू नका. फोम बाहेरून गुंडाळताना त्याची टोके एकमेकांवर चार बोटे येऊ द्या. झाकणावर आणि तळालाही फोमचा तुकडा बांधा. फोममध्ये फट राहिली, तर पाणी आधी तिथूनच जाईल.

तळ्यात सोडताना टोपली तिरकी करून हळूहळू बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत फोम पाण्याखाली दाबत राहा. आत हवा राहिली तर पंप नुसता घुमतो, पाणी फेकत नाही. टोपली थेट तळाच्या गाळात न ठेवता विटेवर ठेवा. तळे खोल असेल तर आणखी वर ठेवा, म्हणजे पाईप निसटला तरी पंपाच्या खालचे पाणी माशांसाठी उरेल. टोपली पूर्ण बुडालेली असायलाच हवी. पंप कोरडा चालू देऊ नका.

धुण्याची वेळ कशी ओळखावी

तारखेवर जाऊ नका, धार मोजा. नवा फोम बसवल्यावर पाईपच्या तोंडाशी 10 लिटरची बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. 12 सेकंद लागले म्हणजे ताशी 3000 लिटर. तीच बादली 16 सेकंदांवर गेली, तर पाव पाणी कमी झाले, म्हणजे फोम धुवायला काढा. पानगळीत आणि उन्हाळ्यात शेवाळ वाढते तेव्हा ही वेळ लवकर येते.

फोम तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून धुवा. साबण नको. क्लोरीनचे नळाचे पाणीही नको, कारण फोममध्ये वाढलेले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. पिळलेले काळे पाणी झाडांना घाला, तळ्यात परत ओतू नका.

वीज बराच वेळ गेली असेल तर जरा जपून. पाणी हलले नाही की फोममधल्या गाळातला प्राणवायू संपतो आणि तो सडू लागतो. पंप तसाच सुरू केला तर ते दूषित पाणी सगळ्या तळ्यात पसरते. आधी टोपली बाहेर काढून हुंगा. कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर फोम धुऊन मगच पंप सुरू करा.

विजेबद्दल आमचे म्हणणे ठाम आहे. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तळ्याच्या वीजजोडणीला 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा) हवाच. पंप केबलला धरून कधीही उचलू नका.

स्वच्छ फोम बसवूनही बादली पहिल्या वेळेत भरली नाही, तर पाईपमध्ये कुठे मोड पडली आहे का, आत शेवाळाचा थर साचला आहे का, ते पाहा. तिथेही सगळे ठीक असेल, तर इंपेलर तपासायची वेळ झाली. अशा वेळी पंप टोपली आणि फोमसकट दुकानात आणा. फोमवर काय साचले आहे ते पाहिले की दोष शोधणे सोपे जाते.