‘डिझी’ वाटतंय म्हणजे नेमकं काय?
मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांसाठी

आमच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात हा एक शब्द आम्ही आवर्जून घोटून घेतो, कारण गरज पडते तेव्हा शेजारी मुलगा-सून असतीलच असं नाही.

मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दात सगळं भागतं. घर गरगर फिरलं तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, आणि शुद्ध हरपली तरी ‘चक्कर येऊन पडले’. ‘डिझी’ही असाच मोघम आहे. म्हणून ‘आय फील डिझी’ म्हटलं की डॉक्टर पुढे विचारणारच.

खोली फिरत असेल तर ‘द रूम इज स्पिनिंग’ म्हणा. कूस बदलताना किंवा मान वर करताना काही क्षण असं होत असेल, तर तेही सांगा. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागचे हलले की असं गरगरतं. अशा गरगरण्याला व्हर्टिगो म्हणतात. उठून उभं राहताना डोकं हलकं होऊन अंधारी येत असेल, तर शब्द ‘लाइटहेडेड’. उभं राहिल्यावर रक्तदाबाचा वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरतो का, हे डॉक्टर तपासतील. बीपीच्या गोळ्यांची नावं जवळ ठेवा. शुद्ध गेली असेल तर मात्र ‘डिझी’ म्हणू नका, स्पष्ट ‘आय फेन्टेड’ म्हणा.

‘डिझी इज कमिंग’ हे आपल्या ‘चक्कर येतेय’चं भाषांतर, तिथे असं बोलत नाहीत. आणि एक शब्द जपून वापरा: ‘गिडी’. आपल्याकडचे डॉक्टर चक्करेला ‘गिडिनेस’ लिहितात, म्हणून तो तोंडात बसलेला असतो. अमेरिकेत ‘आय फील गिडी’ ऐकून समोरच्याला वाटेल, तुम्ही आनंदाने हुरळून गेला आहात. जुन्या इंग्रजीत डिझीचा अर्थ मूर्ख आणि गिडीचा झपाटलेला, वेडा असा होता. विसराळू, वेंधळ्या बाईला आजही कुणी ‘डिझी’ म्हणतं, पण ते हिणवणं आहे. तुम्ही कुणाला म्हणू नका.

चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला, तर वाक्य जुळवत बसू नका, लगेच 911 हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर लावा. रुग्णालयात ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ एवढंच म्हणा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषा मोफत द्यावा लागतो.