तीन हजारांचा निकष आणि सुरगाणा-पेठचे पाडे

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांच्या पाड्यांवर लस वेळेवर का पोचत नाही, याचं खापर बहुतेक वेळा नर्सबाईंवर किंवा 'अडाणी' म्हणून पालकांवर फुटतं. या दोघांच्याही आधी लोकसंख्येचा निकष पाहायला हवा.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्रतिबंध आणि उपचार एकत्र आणण्याची दिशा दिली, १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. तरी प्रत्यक्ष काम बरीच वर्षं मोहिमांचंच होतं. देवीचा माणूस वेगळा, हिवतापाचा वेगळा. सत्तरच्या दशकात ही सगळी कामं एका बहुउद्देशीय कर्मचाऱ्याकडे आली, आणि एका उपकेंद्रामागे, म्हणजे नर्सबाई जिथून काम करते त्या सर्वांत खालच्या सरकारी आरोग्य केंद्रामागे, माणसं किती, हा प्रश्न उभा राहिला.

उत्तर ठरलं: सपाटीवर ५,०००, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००. ही सवलत म्हणून मांडली गेली आणि अजून तशीच सांगितली जाते. पण ती फक्त डोकी मोजते. सपाटीवरच्या निफाड तालुक्यातली ५,००० माणसं दोन-तीन गावांत भेटतात. सुरगाण्यातली ३,००० डोंगराच्या दोन्ही अंगांना, नाल्यापलीकडे, एकेका पाड्यावर पंधरा-वीस घरं अशी विखुरलेली असतात. नर्सबाई लसवाहक डबा भरते तेव्हा बर्फाचे चारही पॅक हलवून आत पाणी वाजतंय का ते पाहते. कडक गोठलेला पॅक ठेवला तर पेंटासारखी (पाच आजारांवरची एकत्रित) लस गोठून वाया जाते. मग हा डबा खांद्याला लावून पावसात चालायचं, २ ते ८ अंश तापमान सांभाळत. या चालण्याचा हिशेब निकषात नाही. पुढे अंतराऐवजी चालण्याचा वेळ धरावा, निवडक डोंगरी भागांत अर्ध्या तासाच्या वाटेवर उपकेंद्र असावं, असा विचार केंद्रीय पातळीवर झाला. पायाभूत आकडा मात्र ३,०००च राहिला.

दुसरी अडचण याहून खोल आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. माणसं मोजायची ती शिरगणतीवरून. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. फेब्रुवारी म्हणजे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षखुडणीचा भर. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिवाळीनंतर लेकराबाळांसह बागांवर येतात. गणनेचा सगळा काळ जो घराबाहेर, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे मुळात विरळ असलेला पाडा कागदावर आणखी विरळ होतो. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस मात्र त्या बाळाला कधी पाड्यावर, कधी बागेतल्या झोपडीत द्यावे लागतात, आणि दोन्हीकडच्या याद्यांमधून ते निसटू शकतं.

उणीव भरायला योजना आल्या, हे खरं. १९९५ च्या सुमारास आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्यासाठी पाडा स्वयंसेवक, भरारी पथकं, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून क्लोरीनची तपासणी, पाण्याच्या जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड. २००५ नंतर आशाताई आल्या. सर्वसाधारण १,००० लोकांमागे एक, आदिवासी भागात वस्तीनिहाय. इथे वस्ती धरली गेली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत शहाणा बदल. पण त्यांना स्वयंसेविका ठरवून मोबदला बराचसा कामागणिक दिला जातो, आणि मानधनासाठी त्यांना वारंवार संपावर जावं लागतं.

२०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी झाली, पुढे नाव पुन्हा बदललं. तिशीनंतरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, आणि २०२३ पासून सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची मोहीम, अशी कामं वाढत गेली. त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली होती. कारणांत रस्ते होते, पाणी होतं, दवाखानाही होता.

पुढची लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तेव्हाही खुडणी चालूच असेल. बागांवरच्या कुटुंबांचा मूळ पाडा वेगळा नोंदवून तो निकषासाठी धरायचा, तर ते आत्ताच ठरवावं लागेल.