वयोश्रीच्या तपासणी शिबिराला आजी-आजोबांना नेताय? आधी हे वाचा

राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्राची आहे, २०१७ पासून चालू. वयामुळे चालायला, ऐकायला, बघायला, चावायला त्रास होतोय अशा ज्येष्ठांना काठी, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कानाचं मशीन, चष्मा, कवळी वगैरे फुकट मिळतं. वस्तू एलिम्को देते, म्हणजे कानपूरची सरकारी कंपनी.

पात्रता: वय ६० पूर्ण, आणि बीपीएल कार्ड किंवा महिन्याचं उत्पन्न १५ हजारांच्या आत. कागदपत्रं फार नाहीत, आधार, बीपीएल रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो. ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा. शिबिर कधी आहे ते जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसात विचारायचं.

आता खरं महत्त्वाचं. नुसते कागद घेऊन मुलगा गेला तर उपयोग नाही, ज्यांना त्रास आहे त्यांनाच न्यावं लागतं कारण तिथे तपासणी होते आणि कोणाला काय लागेल ते त्यावरूनच ठरतं. आणि तिथे प्लीज त्यांना स्वतःला बोलू द्या. आपली माणसं डॉक्टरसमोर बसली की "बरंय हो, काही नाही" म्हणतात आणि रात्री बाथरूमला जाताना भिंत धरून चालतात, ते सांगितलंच नाही तर समोरच्याला कळणार कसं? गुडघा आणि कान दोन्हीचा त्रास असेल तर दोन्ही सांगा, एकापेक्षा जास्त वस्तू मिळू शकतात. फुकट आहे म्हणून व्हीलचेअर मागू नका, वॉकरवर चालता येत असेल तर चालणंच चांगलं, बसून राहिलं की पायातली ताकद जाते.

रोजची चप्पल घालून न्या, काठीचं माप त्यावरच बघायचं. सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, उंच झाली तर खांदा दुखतो, बुटकी झाली तर माणूस वाकतो. जुना चष्मा आणि औषधांची फाईलही सोबत घ्या.

वस्तू बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळत नाही, वाटप नंतर वेगळं होतं, त्यामुळे नोंदणीची पावती जपून ठेवा आणि चालू असलेलाच मोबाईल नंबर द्या.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी बरं का, खूप जण गोंधळतात. तिथे वय ६५ लागतं, वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत, आणि वस्तू नाही तर एकदाच ३ हजार रुपये बँक खात्यात येतात, म्हणून तिथे पासबुकची झेरॉक्सही जोडावी लागते.