निराधारांचं अनुदान आणि दिव्यांग घराचा महिन्याचा हिशेब

पुण्यातल्या एखाद्या घरात कमावता माणूस अपघाताने अंथरुणाला खिळतो, किंवा दिव्यांग मुलाला सांभाळण्यासाठी आई नोकरी सोडते. मग त्या घराला दोन-तीन कचेऱ्यांत आपली गरिबी सिद्ध करावी लागते आणि प्रत्येक ठिकाणी गरिबीचं माप वेगळं असतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग व्यक्तीच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत लागतं. शहरात प्राधान्य गटाच्या रेशनकार्डासाठी ही मर्यादा ५९,००० आहे. धर्मादाय रुग्णालयातल्या मोफत खाटेसाठी १,८०,०००. केंद्राच्या योजनेतून व्हीलचेअर किंवा श्रवणयंत्र पूर्ण मोफत मिळायला महिना २२,५००, म्हणजे वर्षाला २,७०,०००. एकाच घराला एका टेबलावर हो आणि शेजारच्या टेबलावर नाही असं उत्तर मिळतं. या योजना एका वेळी, एका विचाराने आखलेल्या नाहीत. त्या कशा जमत गेल्या हे कळलं की घरखर्चात कोणत्या पैशावर किती विसंबायचं तेही कळतं.

दिव्यांगत्वासाठी पैसे देण्याची सुरुवात इथे झाली ती सैनिक आणि कामगार यांच्यापासून. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. कामगारांसाठी १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आला. त्याच्या अनुसूचीत कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली याचा तक्ता होता. पुढे सुधारलेल्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के. शरीराचं नुकसान टक्क्यांत मोजायची सवय तेव्हापासूनची. आजच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचे ४० किंवा ८० टक्के त्याच वळणाचे आहेत. ही टक्केवारी शरीराची असते. घराला त्यापायी किती खर्च येतो, हे तिच्यात कुठेच येत नाही.

ज्याला मालक नव्हता, पलटण नव्हती, त्याच्यासाठी बराच काळ काहीच नव्हतं. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी मदतीचा उल्लेख आहे. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात जाऊन मागता येईल असा हक्क नव्हे. अपंगांना साहाय्य हा विषय सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आहे, म्हणून रक्कम राज्याराज्यांत वेगळी. आपल्याकडे तर १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात असाध्य असहाय भिकाऱ्याला, म्हणजे अंध-अपंगालाही, अनिश्चित काळ डांबून ठेवायची तरतूद होती. निर्वाहभत्त्याची योजना त्यानंतर वीसेक वर्षांनी आली.

ती योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८०, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. तिचा आधार दिव्यांगत्व नव्हता, निराधारपण होता. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी या सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून प्रश्न एकच विचारला गेला: याला कोणी पोसणारं आहे का? म्हणूनच आजही अर्जदाराचं एकट्याचं नव्हे, कुटुंबाचं उत्पन्न बघतात. वस्तीत लोक या रकमेला ‘पगार’ म्हणतात, पण तिची आखणी पगारासारखी कधीच नव्हती.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव लागतं. सुरुवातीला २०० रुपये होते, २०१२ पासून ३०० आहेत. ते राज्याच्या रकमेवर वेगळे मिळत नाहीत. तेवढा वाटा केंद्राचा आणि उरलेला राज्याचा, मिळून एकच आकडा. ‘केंद्राचे वेगळे मिळतील’ या आशेवर दुसरा अर्ज करून लोक महिनोन्‌महिने घालवतात.

राज्याची रक्कम २०१९ पर्यंत ६०० होती. त्या वर्षी १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५००. अशा वाढीला कायद्याचाही आधार होता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यावं. इतरांना १,५०० असतील तर दिव्यांगांना १,८७५ तरी हवेत. पण ऑक्टोबर २०२५ च्या वाढीपर्यंत दोघांच्या हातात एकच रक्कम पडत राहिली. त्याच कलमात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. सांभाळणाऱ्याची बुडालेली कमाई हाही दिव्यांगत्वाचाच खर्च आहे, हे कायद्याने असं मान्य केलं. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात तर दिव्यांगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठी मदत असा स्पष्ट उल्लेख आहे. पैशाच्या आखणीत हा विचार अजून पुरता उतरलेला नाही आणि पुण्यातलं घर नेमकं तिथेच अडतं.

हा जादा खर्च कागदावर मांडून बघावा. मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीवर ताबा नसलेल्या माणसाला दिवसाला ३ डायपर धरले आणि एक ३५ रुपयांना धरला, तर महिन्याचे ३,१५० होतात. म्हणजे अख्खं अनुदान संपून ६५० वरून घालावे लागतात. धनकवडीच्या बाजूहून ससून रुग्णालयाला आठ किलोमीटर धरले तर २०२२ च्या रिक्षादराने (पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७) एका बाजूचे साधारण १३६ होतात. आठवड्यातून दोनदा व्यायामोपचाराला न्यायचं तर महिन्याला आठ फेऱ्या, जाऊन-येऊन २,१७० च्या आसपास. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, पासाने हा खर्च वाचतो, पण चढता-उतरता येत असेल तरच. व्हीलचेअरवरच्या माणसाचा पास पुष्कळदा खिशातच राहतो. तेव्हा हिशेबात ‘प्रवास मोफत’ असं लिहू नये. थेरपिस्टकडून घरचे व्यायाम लिहून घेऊन आठवड्याची एक फेरी कमी करता येते का, हे आधी विचारावं.

विजेचं गणित तर हमखास चुकतं. ३५० वॅटचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्री दहा तास चालला तर महिन्याला १०५ युनिट खातो. एरवी ८० युनिटांत भागणारं घर १८५ वर जातं आणि महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्यापलीकडच्या ८५ युनिटांना बराच जास्त दर लागतो. याउलट हवेच्या गादीचा पंप साधारण १० वॅटचा, चोवीस तास चालून महिन्याला सात युनिट. बिल वाढलं म्हणून दिवसा तोच पंप बंद ठेवणारी घरं आहेत. त्यातून वाचतात थोडे रुपये, आणि माकडहाडावर जखम झाली की ड्रेसिंग, अँटिबायोटिक आणि कदाचित शस्त्रक्रिया.

आमच्या मते कमी उत्पन्नाच्या घरात सर्वांत महाग पडणारी चूक हीच. तंगी आली की आधी काटछाट होते ती न दिसणाऱ्या वस्तूंवर: कुबडीच्या टोकाचं रबर, व्हीलचेअरची उशी, कॅथेटर, फिटच्या गोळ्या. कुबडीचं रबर झिजून तळ गुळगुळीत झाला की ओल्या फरशीवर माणूस घसरतो. एकदाच वापरायचं कॅथेटर नीट न धुता पुन्हापुन्हा वापरलं की लघवीत जंतुसंसर्ग होतो. फिटच्या गोळ्या चार दिवस चुकल्या तर झटके येऊन रुग्णालय गाठावं लागतं. म्हणून महिन्याच्या यादीत या चार गोष्टी भाडं आणि रेशन यांच्याच ओळीत लिहाव्यात, ‘उरलं तर’ या रकान्यात नकोत. गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून जेनेरिक नावाने, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर मूळ औषधाच्या नावाने, चिठ्ठी घ्यावी आणि जनऔषधी केंद्रात किंमत बघावी. फिटच्या गोळीची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

धान्याच्या बाजूला एक वाट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २००० साली सुरू झालेल्या अंत्योदय योजनेच्या निकषांत, उत्पन्नाचं खात्रीचं साधन नसलेलं आणि दिव्यांग व्यक्ती प्रमुख असलेलं कुटुंबही बसतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. तीन माणसांच्या घराला हा फरक महिन्याला २० किलोंचा. घर मोठं असेल तर फरक कमी होत जातो आणि सात माणसांना दोन्ही सारखंच पडतं. कुटुंबप्रमुख म्हणून कार्डावर कोणाचं नाव आहे, हे अर्जाआधी पाहावं.

उपचारांसाठी पुण्याला धर्मादाय रुग्णालयांचा मोठा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत राखायच्या असतात. सवलतीसाठी उत्पन्नाची मर्यादा ३,६०,०००. निराधारच्या ५०,००० मध्ये न बसणारं घरही इथे बसू शकतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड भरती होतानाच समाजसेवा विभागात द्यावं. बिल निघाल्यावर मागितलेली सवलत मिळायला फार झगडावं लागतं. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ विमा एक लाखापर्यंतचा आहे आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही येते. नूतनीकरणाची तारीख चुकली की तो बंद पडतो.

नोकरी करताना दिव्यांगत्व आलं असेल, तर निराधारच्या खिडकीआधी दोन दारं ठोठवावीत. कामगार विम्यात, कामावरच्या दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम मिळते आणि पूर्ण अक्षमता असेल तर ती वेतनाच्या ९० टक्के असते. त्यामुळे नोकरी सोडावी लागली तर वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीचे उपचारही चालू ठेवता येतात. दुसरं दार १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचं. नोकरीत असताना कायमची पूर्ण अक्षमता आली तर एक महिन्याची वर्गणीही पुरते, दहा वर्षांची अट लागत नाही. किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये. पण घरचे घाईत सगळे पैसे काढून घेतात आणि आयुष्यभराची ती रक्कम हातची जाते. सरकारी नोकरी असेल तर राजीनामा लिहून देण्याआधी २०१६ च्या कायद्याचं कलम २० वाचावं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्या कारणासाठी काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. झेपणारी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून वेतन चालू ठेवावं लागतं.

महिन्याच्या आखणीत अनुदान नेमकं कुठे बसवावं? पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येत नाहीत, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम जमा होतात. त्यामुळे भाडं किंवा कर्जाचा हप्ता या पैशावर टाकू नये. तीन महिन्यांचे ७,५०० एकदम आले तर त्यातून आधी तीन महिन्यांचे डायपर किंवा औषधं घ्यावीत. रोजचं दूध-भाजी घरातल्या दुसऱ्या कमाईवर चालवावं. घरातल्या पात्र स्त्रीला ‘लाडकी बहीण’चे १,५०० मिळत असतील तर ते वेगळे धरावेत. मात्र निराधारचं अनुदान घेणाऱ्या दिव्यांग स्त्रीला स्वतःच्या नावावर दोन्ही मिळत नाहीत.

पैसे थांबतात ते बहुतेक वेळा कागदांमुळे. आता रक्कम आधार जोडलेल्या खात्यात थेट येते आणि शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिथे जाते. शिष्यवृत्तीसाठी किंवा गॅससाठी नवीन खातं उघडून आधार दिलं की पगार तिकडे वळतो आणि घरचे समजतात बंद झाला. तहसील कार्यालयात जाण्याआधी बँकेत आधार-जोडणीची स्थिती विचारावी. दिव्यांगत्वाचा दाखला ‘तात्पुरता’ असेल तर त्यावरची मुदत संपण्याच्या तीन महिने आधी फेरतपासणीसाठी अर्ज करावा, कारण ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा कमला नेहरू रुग्णालयात तपासणीचे वार ठरलेले असतात आणि गर्दी असते. हाताने लिहिलेला जुना दाखला असेल तर आधी दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढून घ्यावं. हयातीचा दाखला जानेवारी ते मार्चमध्ये द्यावा लागतो. माणूस अंथरुणावर असेल तर बँकेला लेखी कळवून घरी येऊन पडताळणी करायची विनंती करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. उत्पन्नाचा दाखला नवा काढताना घरातल्या कोणाची कमाई वाढली असेल तर ती लपवू नये, कारण चौकशीत निघालं तर घेतलेल्या रकमेची वसुली लागते. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की संजय गांधी योजना संपते आणि नाव श्रावणबाळ योजनेकडे वळवावं लागतं. वयाचा पुरावा आणि ओळखपत्र यांवरची जन्मतारीख वेगळी असेल तर तिथेच अडतं, तेव्हा ती दुरुस्ती ६४ व्या वर्षीच करून ठेवावी.