माळरानावर झाडं लावली की पाणी वाढतं?

दर पावसाळ्याआधी एक मेसेज फिरतो: ‘गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे दाट झाडं लावा, विहिरी भरतील.’

ताम्हिणीसारख्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या उतारांवर जंगल माती धरून ठेवतं, त्यामुळे समज अगदीच निराधार नाही. इंदापूर-दौंडकडे मात्र पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, आणि मुरमावर मातीचा थर पातळ. तिथे पवन्या, कुसळीसारख्या गवतांच्या दाट तंतुमुळांमुळे माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतं. पावसाळा सरला की गवत वाळतं आणि त्याचा पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. सदाहरित झाड मात्र भर उन्हाळ्यातही खोलवरून पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतं. म्हणून कमी पावसात दाट लागवडीने भूजल घटूही शकतं. (अतिचराईने उघडा पडलेला माळ ही वेगळी गोष्ट. तिथे आधी गवतच परत आणायला हवं.)

पडताळा घरच्या घरी होतो. एप्रिलच्या उन्हात कडुनिंबाच्या पानांच्या फांदीला पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. काही तासांत आत थेंब जमतात. मग दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा टेकडीवरच्या गवतात आणि पायवाटेवर थोडा रोवून, दोन्हीकडे सारखंच पाणी ओता. कुठे लवकर जिरतं ते घड्याळ लावून बघा.