दर रविवारी पाच मिनिटं
बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातले आमचे शेजारी काका-काकू जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेला गेले, ते डिसेंबरात परतणार होते. निघताना काकांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेव रे, बॅटरी उतरायला नको." मी एकही रविवार चुकवला नाही. तरी नोव्हेंबरात गाडीनं सेल्फ घेतला नाही. मेकॅनिकनं गाडीखाली वाकून सायलेन्सरचा डबा अंगठ्यानं दाबला, तर गंजाचा पापुद्राच त्याच्या हातात आला आणि आतून तांबूस पाणी ठिबकलं. "खाली चालू ना करशो, फेरवो," तो म्हणाला. नुसती चालू करू नका, फिरवा.

हे पाणी पावसाचं नव्हतं, ते पेट्रोलमधूनच तयार झालं होतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही: 1 लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ 1 लिटर पाणी. गाडी अर्धा तास पळाली तर सायलेन्सर शेवटपर्यंत तापतो आणि हे पाणी वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत मात्र त्याचं मागचं टोक थंडच असतं. वाफेचं तिथंच पुन्हा पाणी होतं आणि धुरातले आम्लधर्मी वायू त्यात विरघळतात. उभ्या छोट्या गाडीत पाच मिनिटांना साधारण 70-80 मिलिलिटर पेट्रोल जळतं. म्हणजे दर रविवारी कपभर पाणी मी स्वतःच्या हातानं तयार करत होतो. त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं, आणि ऑइल नीट तापल्याशिवाय ते उडून जात नाही.

बरं, बॅटरीचं तरी भलं झालं का? हिशेब करून पाहिला. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडी थोडी वीज पीत असतात. ती 30 मिलिअँपिअर धरली तर दिवसाला 0.7 आणि आठवड्याला 5 अँपिअर-तास (बॅटरीतली साठवण मोजायचं एकक) गेले. पाच मिनिटांत अल्टरनेटरनं, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रानं, 20 अँपिअर दिले तरी परत मिळतात दोनापेक्षाही कमी. 35 अँपिअर-तासांची बॅटरी अशा तोट्यात किती दिवस तग धरणार?

उतरलेली बॅटरी नुसती रिकामी होत नाही, ती आजारी पडते. वीज खर्च होते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. पण महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर त्याचे बारीक स्फटिक मोठे आणि टणक होतात आणि मग चार्जरलाही दाद देत नाहीत. भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6 च्या आसपास असतो, 12.2 म्हणजे निम्मी गेली. उपाय सोपा आहे: बॅटरी पूर्ण चार्ज करायची आणि मायनसचं टर्मिनल सोडवून ठेवायचं. मायनसच का? गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लस आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर तिथंच शॉर्ट होतो. टर्मिनल काढल्यावर रिमोट चालत नाही, तेव्हा दार किल्लीनंच लावायचं.

आपल्या बडोद्याच्या पावसाळ्याला मी यापेक्षाही जास्त घाबरतो. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांपुढे गेली की लोखंड झपाट्यानं गंजायला लागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस त्याच्या वर असते. पहिला फटका ब्रेकला. हँडब्रेक ओढून गाडी चार महिने उभी राहिली तर ब्रेक शू चाकातल्या ड्रमला गंजानं चिकटतात, आणि मग चाक हलतच नाही. म्हणून हँडब्रेक सोडायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना पुढून-मागून विटा लावायच्या. वर प्लॅस्टिकची ताडपत्री मात्र नको. जमिनीची ओल तिच्याखाली अडकते आणि पहाटे पत्र्यावर दवासारखी बसते. कापडी, हवा खेळती ठेवणारं कव्हर बरं. तळघरातल्या पार्किंगमध्येही गाडी ठेवू नका. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते आपण पाहिलं आहे. गाडीत पाणी शिरलं असेल तर चुकूनही सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनखालचा रॉड वाकतो.

टायरची हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होते आणि एकाच जागी भार पडून रबर तिथं चपटं बसतं. हवा चार-पाच पीएसआय जास्त भरावी आणि महिन्यातून एकदा विटा आणि गिअर काढून गाडी हातभर ढकलावी, एवढं पुरतं.

पेट्रोलचं काय? आता त्यात 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फारच वाढली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप नेमकं तळातूनच ओढतो. टाकी भरलेली असली की ओलसर हवेला आत जागाच कमी राहते. म्हणून निघण्याआधी ताजं पेट्रोल भरून घ्यावं. जुनी स्कूटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं, केसाएवढं भोक बुजवतं.

उंदरांना वायरिंग फार आवडतं. बॉनेटखाली ऊब, आडोसा, कुरतडायला मऊ प्लॅस्टिक, त्यांना आणखी काय हवं? सायलेन्सरच्या तोंडात तारेच्या घासणीचा बोळा घालता येतो, पण तो काढायची आठवण हवी.

काकांना नवा सायलेन्सर आणि नवी बॅटरी मी माझ्या खर्चानं बसवून दिली. ते नको नको म्हणत होते. यंदा ते पुन्हा निघाले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली. मायनसच्या टोकाला कापड गुंडाळलं आणि स्टिअरिंगवर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली: "सायलेन्सरमध्ये बोळा आहे. गाडी गिअरमध्ये आहे. चाकांच्या विटा काढा. मग किल्ली फिरवा."