सेरोटोनिन

सेरोटोनिन : मेंदूत तंत्रिका-प्रेषक (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन) म्हणून आणि शरीरात अन्यत्र स्थानिक संप्रेरकासारखे काम करणारे रसायन. रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामीन. दूध, डाळी, अंडी, मांस यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अ‍ॅमिनो अम्लापासून ते दोन टप्प्यांत तयार होते. ‘आनंदाचे रसायन’ हे त्याचे वर्तमानपत्री नाव नेमके म्हणता येत नाही. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते.

शोधाचे श्रेय नेमके कोणाला, याबद्दल मतभेद आहेत. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांनी १९३० नंतरच्या दशकात जठर-आतड्याच्या अस्तरातून स्नायू आकुंचित करणारा एक पदार्थ वेगळा केला. तो अ‍ॅड्रेनॅलिनच असावा, अशी शंका तेव्हा काहींनी घेतली होती. तो नवा असल्याचे दाखवून एर्स्पामेर यांनी त्याला ‘एंटेरामीन’ म्हटले. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रक्तदाबाचा अभ्यास करणाऱ्या अर्विन पेज यांना वेगळीच अडचण होती. रक्त गोठले की त्याच्या द्रवात रक्तवाहिन्या आवळणारे काहीतरी उतरे आणि प्रयोग बिघडे. पेज, मॉरिस रॅपोर्ट व आर्डा ग्रीन यांनी १९४८ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळवले. सीरम (रक्तद्रव) आणि टोनस (ताण) यांवरून ‘सेरोटोनिन’ हे नाव पडले. पुढच्या वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची संरचना सुचवली. दोन्ही पदार्थ एकच असल्याचे १९५२ मध्ये ठरले. आधी एर्स्पामेर यांना आढळले आणि ओळख पटवली क्लीव्हलंडच्या गटाने, अशी विभागणी अधिक न्याय्य वाटते. मेंदूत ते असल्याचे बेटी ट्वारोग व पेज यांनी १९५३ मध्ये दाखवले. ट्वारोग मुळात कोकणातल्या शिणाण्यांच्या कुळातील शिंपल्यांच्या स्नायूंवर काम करीत होत्या.

कार्य : बोट कापले की जखमेपाशी जमलेल्या बिंबिका (रक्त गोठण्यास मदत करणारे सूक्ष्म रक्तघटक, प्लेटलेट) साठवलेले सेरोटोनिन सोडतात, रक्तवाहिनी आवळते, बिंबिका एकमेकींना चिकटण्यास मदत होते. आतड्यात ते अन्न पुढे सरकवणाऱ्या हालचालींचे नियमन करते. कर्करोगावरील काही औषधांनी होणाऱ्या उलट्यांमागे आतड्यातून एकदम सुटलेले सेरोटोनिन असते. उलट्या थांबवणारे ऑन्डान्सेट्रॉन हे औषध त्याचा ग्राही (पेशीवरील, ते ज्याला चिकटून परिणाम घडवते तो रेणू) अडवते. मेंदूतील सेरोटोनिन मस्तिष्कस्तंभातील रॅफे केंद्रकांत तयार होते. झोप, भूक, वेदना, शरीराचे तापमान व मनःस्थिती यांवर त्याचा परिणाम होतो. तो ग्राहीनुसार बदलतो. ग्राहींची सात कुले ज्ञात आहेत. रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, त्यामुळे केळ्यात ते असले तरी केळी खाऊन मेंदूतले प्रमाण वाढत नाही.

नैराश्याशी संबंध : सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येते, या विचाराचे एक मूळ सर्पगंधा या औषधी वनस्पतीत आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केल्यावर तिच्याकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे झाले. रेसर्पिनने मेंदूतील सेरोटोनिन घटते, हे १९५५ मध्ये दिसले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येई, म्हणून सेरोटोनिनची कमतरता म्हणजे नैराश्य असा तर्क पुढे आला. मात्र रेसर्पिनने नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपामीन हे इतर तंत्रिका-प्रेषकही घटतात, आणि खिन्नता त्याच्यामुळेच येई का, याविषयीही नंतर शंका घेतल्या गेल्या. सुटलेले सेरोटोनिन परत शोषले जाण्यास अटकाव करणारी फ्लुओक्झेटिनसारखी औषधे (अमेरिकेत मान्यता १९८७) तर्काच्या बाजूने सांगितली जातात. पण रसायनाची पातळी काही तासांत बदलते आणि रुग्णाला बरे वाटायला सहसा काही आठवडे लागतात. केवळ कमतरतेचा सिद्धांत आज बहुतेक अभ्यासक अपुरा मानतात. औषधांचा उपयोग होतो का, हा प्रश्न वेगळा. ती अचानक बंद करू नयेत. सेरोटोनिन वाढवणारी इतर औषधे सोबत घेतल्यास थरथर, ताप, गोंधळ अशी विषारी लक्षणेही उद्भवू शकतात.

इतर जीव : अनेक वनस्पतींत सेरोटोनिन आढळते. गांधीलमाशीच्या विषातही ते असते आणि दंशाच्या वेदनेस हातभार लावते.